दाखला दिला, शंका उरली

आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्या मंडळींची जन्मतारीख १ जून असते. पोराला शाळेत घालायला नेलं, घरच्यांना तारीख आठवेना, तेव्हा गुरुजींनी अंदाजाने वय धरून १ जून लिहून टाकली. पुढे नोकरी, बढती, पेन्शन, सगळं त्याच तारखेवर पार पडलं. तारीख खरी नाही हे साऱ्या गावाला ठाऊक, पण माणूस गावचाच, याबद्दल कुणाच्या मनात किंतु नसे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांत मात्र मी याच्या नेमकी उलटी गोष्ट पाहत आलो आहे. तिथे कागद खरा असतो आणि शंका माणसाबद्दल असते.

नियम तसा एका ओळीचा आहे. अध्यक्ष होणारा माणूस ‘जन्मजात नागरिक’ हवा, ३५ वर्षांचा हवा आणि १४ वर्षं देशात राहिलेला हवा. १७८७ मध्ये घटना तयार होत असताना जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून, सरसेनापतीपद जन्मजात नागरिकाखेरीज कुणाकडे जाऊ नये, असं सुचवलं होतं. राष्ट्र नवं, युरोपातले राजे बलाढ्य. तेव्हाची ती भीती समजण्यासारखी होती. पण ‘जन्मजात नागरिक’ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या घटनेत कुणी लिहिली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही आजवर एखाद्या उमेदवाराबाबत त्याचा निवाडा केलेला नाही. एखादा मतदार कोर्टात गेलाच, तर बहुधा त्याला विचारलं जातं, यात तुमचं स्वतःचं वेगळं नुकसान काय? ते दाखवता आलं नाही, की दावा निकालात निघतो. म्हणजे प्रश्न पुन्हा मतदाराच्याच पदरात!

२००८ च्या निवडणुकीत तर दोन्ही उमेदवारांवर हा आक्षेप आला. जॉन मकेन यांचा जन्म १९३६ सालचा, पनामा कालव्याच्या तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पट्ट्यातला. वडील नौदलात अधिकारी होते. एप्रिल २००८ मध्ये सिनेटने बिनविरोध ठराव करून ते जन्मजात नागरिक असल्याचं म्हटलं आणि बहुतेकांच्या लेखी विषय मिटला. बराक ओबामा यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ चा, होनोलुलूचा. हवाई १९५९ मध्येच अमेरिकेचं राज्य झालेलं. ओबामांच्या जन्माची नोंद त्याच महिन्यात तिथल्या दोन वृत्तपत्रांत छापून आलेली. २००८ मध्ये त्यांनी दाखला दाखवला, तरी कुजबुज थांबली नाही. आता गंमत पाहा. राज्यांच्या सीमेबाहेर जन्मलेल्याचं प्रकरण एका ठरावात संपलं आणि आत जन्मलेल्याला वर्षानुवर्षं पुरावे द्यावे लागले.

अखेर २७ एप्रिल २०११ रोजी, अध्यक्षपदी बसून दोन वर्षं उलटल्यावर, ओबामांनी सविस्तर दाखला प्रसिद्ध केला. गॅलप संस्थेच्या पाहणीत त्याआधी ३८ टक्के लोक म्हणत होते की, ते नक्की अमेरिकेतच जन्मले. दाखल्यानंतर हा आकडा ४७ वर गेला. परदेशात जन्मले असावेत असं मानणारे २४ टक्क्यांवरून १३ वर आले. कागदाने काम केलं, पण अर्धंच. ज्यांना खरोखर माहिती हवी होती त्यांचं समाधान झालं. उरलेल्यांना माहिती नको होती, कारण हवं होतं. हा आक्षेप हिरिरीने मांडणारे डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये, स्वतः उमेदवार असताना, ओबामा अमेरिकेतच जन्मल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी टेड क्रूझ निवडणुकीत होते. त्यांचा जन्म कॅनडातल्या कॅलगरीचा, आई अमेरिकन नागरिक. ट्रम्प यांनी त्यांच्यावरही बोट ठेवलं, तरी आयोवात त्यांच्या पक्षाच्या मतदारांनी क्रूझ यांनाच पहिला क्रमांक दिला. माणूस आपला वाटला, की जन्मस्थळाचा नकाशा कुणी उघडत नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. रीतसर शपथ घेऊन नागरिक झाला, मतदार झाला. त्याची मुलगी तिथेच जन्मली. २०२० मध्ये कमला हॅरिस उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा, आई भारतातून आलेली, वडील जमैकाचे. तरीही त्यांच्या पात्रतेवर प्रश्न निघाला. तेव्हा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, मला ते पद बंद आहे, हे मी शपथ घेतानाच जाणून होतो. त्याचं काही नाही. पण तिथे जन्मलेल्या बाईला विचारतात, तेव्हा ते माझ्या पोरीला विचारल्यासारखं वाटतं.”

हे मला महत्त्वाचं वाटतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी २०१८ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक लढू शकले, २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात निवडूनही गेले. अध्यक्षपद मात्र त्यांच्यासाठी नाही. तो नियम आहे, पटो न पटो, सर्वांना सारखा. शंकेचं तसं नसतं. ती माणूस निवडून चिकटते आणि उमेदवारापुरती न राहता त्याच्यासारखं नाव, त्याच्यासारखा रंग असलेल्या मतदाराच्या घरात शिरते.

आपणही यातून गेलो आहोत. आपल्या घटनेला राष्ट्रपती किंवा पंतप्रधान भारताचा नागरिक असला की पुरे, जन्माची अट नाही. तरी १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी जन्मावरून काँग्रेस फुटली आणि राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दोन्ही पक्षांनी मिळून महाराष्ट्रात सरकार बनवलं! ज्यांनी तो मुद्दा मनाला लावून मत दिलं होतं, त्यांनी काय समजायचं?

भाच्याची मुलगी आता मतदानाच्या वयाला आली आहे. तिला मी एवढंच सांगितलं की, कुणाच्या जन्माबद्दल शंका ऐकलीस, की आपल्या आवडत्या उमेदवाराला त्याच्या जागी उभं करून बघ. तरीही तोच दाखला मागावासा वाटला, तर खुशाल माग.