सहलीला मोठा कॅमेरा न्यावा का?

जेवणं आटोपून, भांडी घासून आता रेडिओजवळ बसला असाल. आज कर्जाचं, परतफेडीचं बोलायचं नाही. आज सहलीचं बोलू. त्यातही एका लहानशा गोष्टीचं, की सहलीला मोठा कॅमेरा सोबत न्यायचा की घरी ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या गटाच्या बैठकीत या एका प्रश्नावर दीड तास गेला. वसुली झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, चहा झाला, तरी कोणी उठेना. म्हणून ती सगळी चर्चा तुमच्यापुढे मांडतो. तुमचा गटही कधीतरी सहलीला निघेलच.

आमचा गट सेलू तालुक्यातल्या एका गावातला, १४ जणींचा. दोघी वर्धिनी म्हणून दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन आलेल्या, बाकीच्यांचं जाणं माहेर आणि लग्नकार्य एवढंच. आमच्यातल्या एका ताईनं गटाकडून कर्ज घेऊन कॅमेरा घेतला. बारसं, डोहाळजेवण, साक्षगंध, शाळेचं स्नेहसंमेलन, अशी कामं ती करते. आम्ही तिला फोटोवाली ताईच म्हणतो. सहलीचं ठरलं तेव्हा तिचे सात हप्ते बाकी होते.

सहल ठरली इमॅजिकाची. रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ हा मोठा मनोरंजन पार्क आहे. २०१३ साली तो सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी पाण्याचा पार्क झाला. मोठमोठे पाळणे, रुळांवरून उलटी-सुलटी पळणारी गाडी, बर्फाची खोली, असं सगळं तिथं आहे. वर्ध्याहून रात्रीच्या रेल्वेनं कल्याण, तिथून खोपोलीची लोकल. आमच्या एका मैत्रिणीची मुलगी पनवेलला दिली आहे, तिच्याकडे मुक्काम. वर्षभर आम्ही बचतीशिवाय वेगळे पैसे बाजूला टाकले होते. कापसाची वेचणी आटोपली होती, हरभरा अजून शेतात उभा होता. मधले चार दिवस आम्ही पकडले.

तारीख ठरल्याबरोबर कोणीतरी म्हणालं, "ताई, कॅमेरा घेशील ना वं? फोटो मस्त येतील." ताई "हो" म्हणाली. पण तो "हो" कसा होता, ते आम्हाला कळलं. कारण आधीची एक सहल आठवली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरकडच्या एका पाण्याच्या पार्कात एक दिवस गेलो होतो. ताईनं कॅमेरा आणला होता. आम्ही पाण्यात शिरलो आणि ताई काठावरच्या खुर्चीवर बसली, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग. पाणी उडतं म्हणून ती आणखी मागं सरकली. आमचे फोटो काढले, पुन्हा बॅग बंद केली. "ये ना" म्हटलं तर म्हणायची, "बॅग कोणाजवळ देऊ?" संध्याकाळपर्यंत तिचे पायसुद्धा ओले झाले नव्हते. पुढच्या बैठकीत आम्ही ते फोटो पाहिले. चांगले दोनशेच्या वर होते. शेवटी आमच्यातली मावशी म्हणाली, "काहून वं, हिचा एकबी फोटो नाही यात?" खरंच नव्हता. तिकिटाचे पैसे तिनंही आमच्याइतकेच भरले होते.

म्हणून या वेळी आम्ही ठरवलं की आधी बसून नीट विचार करायचा. पहिला प्रश्न विचारला तो ताईलाच, "मोठा कॅमेरा मोबाईलपेक्षा नेमका कशात चांगला?" तिनं जे सांगितलं ते साधं आहे आणि कामाचं आहे.

कॅमेऱ्याच्या आत प्रकाश झेलणारा एक तुकडा असतो. मोठ्या कॅमेऱ्यात तो मोबाईलच्या मानानं बराच मोठा असतो. पावसाचं पाणी ताटात जास्त साचेल की वाटीत? तसंच हे. म्हणून मंडपात, संध्याकाळी, कमी उजेडाच्या घरात मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो स्वच्छ येतो. दुसरं म्हणजे दूरचं जवळ आणणं. मोठ्या कॅमेऱ्याची भिंग खरंच दूरचं जवळ आणतात. बऱ्याच मोबाईलमध्ये आपण दोन बोटांनी चित्र ताणतो. ते म्हणजे तेवढाच उंडा लाटून पोळी मोठी करणं. पीठ वाढत नाही, पोळी पातळ होते. बोरच्या जंगलात गेलात आणि दूर झाडावर पक्षी बसला असेल, तर तिथं मोठा कॅमेराच हवा.

आता पार्कात काय असतं ते पाहा. ऊन भरपूर असतं, फोटो दिवसा काढायचे असतात. माणसं चार-पाच हातांवर असतात. फोटो एकमेकींचे काढायचे असतात, वाघाचे नाही. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचे जे दोन मोठे गुण, त्यांची तिथं फारशी गरजच पडत नाही.

मग फोटो छापायचा झाला तर? मोबाईलचा फोटो कागदावर फुटतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. याचा हिशेब ताईनं पाटीवर करून दाखवला. अल्बममधला नेहमीचा फोटो ४ इंच बाय ६ इंच. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे एका बाजूला १२०० आणि दुसऱ्या बाजूला १८००. गुणाकार केला तर २१ लाख ६० हजार ठिपके. मोबाईलवर १२ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ कोटी २० लाख ठिपके. अल्बमला लागतात त्याच्या पाचपट. फक्त एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. छापायला द्यायचा तर मोबाईलच घेऊन दुकानात जा, नाहीतर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मग ओझ्याचा विचार केला. किराणा दुकानाच्या काट्यावर आम्ही ताईची बॅग ठेवली. कॅमेरा, दोन भिंगं, चार्जर, बॅग मिळून सव्वादोन किलो भरले. मोबाईल पाव किलोच्या आत. सव्वादोन किलो म्हणजे काय मोठं, डोक्यावर सरपणाची मोळी आणणाऱ्या बाया आपण! पण मोळी घरी आणून टाकली की मान मोकळी होते. ही बॅग दिवसभर खाली ठेवता येत नाही. मोठ्या पाळण्यावर बसताना हातात किंवा गळ्यात सैल वस्तू ठेवू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. वेगात सुटलेली वस्तू खालच्या माणसाला दगडासारखी लागते. म्हणजे दर पाळण्याला एक जण बॅग धरून खाली उभी. सामान ठेवायला पैसे देऊन कप्पे मिळतात, पण कॅमेरा कप्प्यातच ठेवायचा असेल तर सातशे किलोमीटर न्यायचा कशाला?

पाण्याचं भय वेगळंच. पाण्याचे थेंब बटणांच्या फटीतून आत गेले की दुरुस्तीचा खर्च. बर्फाच्या खोलीतून बाहेर दमट हवेत आलं तर भिंगावर दव धरतं, जसा थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो. थंड जागेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवावा आणि बाहेर आल्यावर थोडा वेळ पिशवी उघडू नये, म्हणजे हे टळतं. पण ही सगळी काळजी कोणी घ्यायची? ताईनंच. सात हप्ते बाकी असलेला कॅमेरा ती दुसऱ्या कोणाच्या हाती कसा देईल? तो बिघडला तर तिची लगीनसराई जाते. हप्ता थकला तर तो गटाचाही थकतो.

इथपर्यंत आल्यावर सगळ्यांना वाटलं, झालं, कॅमेरा घरी. तेवढ्यात मावशी बोलली. मावशी आमच्यात सगळ्यांत मोठी, सत्तरीला टेकलेली. ती म्हणाली, "माहे फोटो दोनच. एक आधार कार्डावरचा, एक बँकेच्या पुस्तकातला. दोन्हीत मी चोरावाणी दिसतो. उद्या मी मेली तर पोरं त्यातलाच एक मोठा करून भिंतीवर लावतीन. मले एक चांगला फोटो पाह्यजे. म्हणून मी म्हणत होती का कॅमेरा न्या."

सगळ्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. मैत्रिणींनो, आपापल्या घरात आठवून पाहा. नवऱ्याचे, मुलांचे फोटो असतात. आपल्या आईचा, सासूचा नीट फोटो किती घरांत आहे? मावशीची मागणी हौसेची नव्हती.

पण त्यावर ताईच म्हणाली, "मावशी, तुझा फोटो पार्कात कशाला? गर्दीत, उन्हात डोळे मिचकावत काढू का? इथंच काढते, आपल्या अंगणात." तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही दोन कामं एकात गुंतवली होती. एक काम आठवणीचे फोटो, हसता-खेळताना सहज काढलेले. ते मोबाईल करतो. दुसरं काम नीट बसून काढलेला, भिंतीवर लावायचा फोटो. ते मोठ्या कॅमेऱ्याचं, आणि त्याला सहलीची गरजच नाही.

मग ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला. निघण्याच्या दोन दिवस आधी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, समाजमंदिराच्या ओसरीवर ताई चौदाही जणींचा एक-एक फोटो काढेल. ज्या दिवशी काढायचे त्या दिवशी कोणी घाई करायची नाही. ताईला त्याचे पैसे गटातून द्यायचे, बाहेरच्यांकडून घेते तेवढेच. आपलीच आहे म्हणून फुकट नाही. आणि तेराव्या जणीचे काढून झाल्यावर चौदावा ताईचा, तो तिच्या मुलीनं काढायचा.

सहलीला कॅमेरा ताईच्या घरी कपाटात राहिला. सोबत तीन मोबाईल ठेवले. दर दोन तासांनी फोटो काढणारी बदलायची, म्हणजे कोणीही दिवसभर फोटोवाली राहणार नाही. निघण्याआधी मोबाईलमधले जुने व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छांची चित्रं काढून जागा केली. एक पॉवर बँक घेतली. पाण्यासाठी गळ्यात अडकवायचे प्लास्टिकचे बंद पाकीट घेतले आणि आधी त्यात कागद घालून बादलीत बुडवून पाहिले. एकातला कागद ओला निघाला, ते टाकून दिलं. मोबाईलवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं असलं तरी त्याची परीक्षा साध्या, संथ पाण्यात झालेली असते. घसरगुंडीच्या जोराच्या पाण्यात त्यावर भरवसा ठेवू नका. आणि फोटो काढण्याआधी भिंग पदराच्या कोरड्या टोकानं पुसा. धुरकट फोटोचं कारण पुष्कळदा कॅमेरा नसतो, आपल्या बोटाचं तेल असतं.

आणखी एक नियम आम्ही केला, तो तुम्हीही करा. पाण्याच्या पार्कात कपडे बदलावे लागतात, साडी चालत नाही. ओल्या कपड्यांतला कोणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय कुठंही पाठवायचा नाही, स्टेटसला तर मुळीच नाही. ती "नको" म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. घरून मोठ्या मुश्किलीनं परवानगी काढून आलेल्या बाया असतात. एक फोटो चुकीच्या मोबाईलवर गेला तर पुढच्या सहलीला त्या येत नाहीत.

सहल झाली. मोबाईलच्या फोटोंतले पुष्कळ हलले, काहींत डोकी कापली गेली. उलट्या-सुलट्या गाडीतून उतरल्यावरचा ताईचा एक फोटो आहे. केस विस्कटलेले, तोंड उघडं, शेजारणीचा दंड घट्ट पकडलेला. फोटो म्हणून तिला तो अजिबात पसंत नाही. तरी तिनं स्वतःच्या पैशानं तो छापून घेतला.

मावशीचा फोटो आता तिच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. हिरवी साडी, डोक्यावर पदर, ओठांवर थोडंसं हसू. तिची सून म्हणते, मावशी रोज सकाळी तो पुसते.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे कॅमेरा असेल तर निघण्याआधी बैठकीत एवढे प्रश्न विचारा. फोटो कशाचे काढायचे आहेत? ते मोबाईलनं निघतील का? बॅग दिवसभर कोण धरणार, आणि तिला ते खरंच हवं आहे का? काही बिघडलं तर खर्च कोणाचा? एखादीला फोटो काढण्यातच आनंद असेल तर ती खुशाल नेईल. जंगल असेल, नातीचं लग्न असेल, तर जरूर न्या. पण "तू आण गं" म्हणून एकीच्या गळ्यात अडकवू नका.

आणि सहलीची वाट न पाहता, या रविवारी सकाळी घरातल्या म्हातारीला ओसरीवर बसवून एक नीट फोटो काढा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.