पिकअपचा रेशो: आधी काम सांगा

चेन्नईतल्या माझ्या मराठी शेजाऱ्यानं विचारलं, "कर्नलसाहेब, पिकअप घेतोय. एक्सलचा रेशो कोणता बघू?" मी म्हटलं, "आधी सांगा, माल किती आणि रस्ता कुठला?"

मागच्या एक्सलमध्ये पिनियन क्राउन व्हीलला फिरवतं. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० असतील, तर रेशो ४.१. पिनियनला ११ असतील, तर ३.७३. मोठा आकडा ओझं सहज ओढतो, पण हायवेवर इंजिन जास्त फिरतं आणि डिझेलही जास्त खातं.

आता डिफरन्शियल. २०१५ च्या डिसेंबरच्या पुरात मदतीचं सामान नेताना आमची गाडी चिखलात रुतली. एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म! साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एकाची पकड सुटली, की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. इंजिनची ताकद वाया. शेवटी माणसांनी ढकलली तेव्हा निघाली. डिफ-लॉक असता, तर दोन्ही चाकं एकत्र फिरली असती. मात्र डांबरी रस्त्यावर लॉक काढायचाच, नाहीतर वळताना टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो.

शेजाऱ्याचं शेत चेंगलपट्टूला. खताची पोती आणि पावसाळी चिखल. त्याला सांगितलं, "४.१ आणि डिफ-लॉक." तुमचं काम वेगळं असेल, तर उत्तरही वेगळं. जय हिंद!