चार चिठ्ठ्यांचे राज्य

राजा-प्रधान-शिपाई-चोर हा चिठ्ठ्यांचा खेळ ठाऊक नाही असे घर विरळाच. आकडे गावोगाव बदलतात. बहुधा राजाला १००० गुण, प्रधानाला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य. राजा आणि प्रधान चिठ्ठी उघड करतात. उरलेल्या दोघांत चोर कोण, हे प्रधानाने ओळखायचे. चुकला, की त्याचे ८०० गुण चोराला!

वरवर हा पोरखेळ. पण आत तीन थट्टा दडल्या आहेत. राजा काहीच करीत नाही, तरी सर्वांत जास्त गुण त्याचेच. निरपराध शिपायावर आळ आला, तरी राजाला झळ नाही. आणि चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या, की मघाचा चोर सिंहासनावर!

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे यांतून मुलांना शिकविले. मग चिठ्ठ्यांतून का शिकवू नये? दहा डाव झाले, की मुलांना विचारा, "कोणता नियम अन्यायाचा वाटला?" बहुमताने तो बदलू द्या आणि पुन्हा खेळवा.

याच मुलखात, तलासरीकडच्या झरी गावी, १९४५ साली वारली कष्टकरी जमले आणि वेठबिगार करायची नाही असे त्यांनी ठरविले. वेठ हाही माणसांनीच लादलेला नियम होता. नियम माणसे करतात नि माणसेच बदलतात, एवढे मुलाला उमगले, तर नागरिकशास्त्राचा पहिला धडा झाला म्हणा.