पट्टी कोरडी, तरी पाय जड

"पैर का अंगूठा ऊपर कीजिए... अब नीचे दबाइए." दिल्लीच्या द्वारका भागातल्या रुग्णालयांत कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाची पहिली रात्र अशाच वाक्यांनी सरते. डोळा लागतो न लागतो तोच नर्स पुन्हा हजर. अंगठा हलवायचा, तिच्या तळहातावर पाऊल दाबायचं, मांडीला स्पर्श कळतो का ते सांगायचं. शेजारी बसलेल्या बायकोला वाटतं, जरा झोपू द्यावं की माणसाला. पट्टीवर रक्ताचा डागही नाही! नर्स मात्र पट्टीकडे ओझरतं बघते आणि पायांकडे निरखून.

कारण इथे प्रश्न रक्त किती गेलं याचा नसतो, कुठे साठलं याचा असतो. मांडीत रक्त साठलं तर त्याला पसरायला जागा मिळते. मणक्याची नळी हाडाची. ती फुगत नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा झुबका उतरतो. डॉक्टर त्याला 'घोड्याची शेपटी' म्हणतात. पायांची ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा याच नसांकडे. त्यांच्याभोवती पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं असतं. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये त्याचं महत्त्व दाखवून दिलं. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे पोटावर दाब पडला की रक्त उलटं त्यांच्यात भरतं. म्हणूनच ऑपरेशन टेबलावर रुग्णाला पालथं झोपवताना छाती आणि कटीखाली उशा देऊन पोट मोकळं लोंबतं ठेवतात.

ऑपरेशननंतर मणक्याच्या नळीत थोडं रक्त साठतंच. एमआरआय काढला तर ते बऱ्याच जणांत दिसतं आणि आपोआप जिरतं. नसा दाबून त्रास देणारी गुठळी मात्र हजारात साधारण एक ते दहा जणांना होते, बहुतेकदा पहिल्या २४ तासांत. खुणा ठरलेल्या आहेत: वेदनाशामक देऊनही वाढत जाणारी कळ, आधी हलणारा पाय जड होणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा, लघवी तुंबणं. रक्त वाहून नेणारी ड्रेनची नळी जागेवर असली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण गुठळीनं तीच बुजू शकते. अशा वेळी तातडीनं एमआरआय आणि पुन्हा ऑपरेशन. पहिल्या सहा ते बारा तासांत गुठळी काढली तर नसा सावरण्याची शक्यता बरीच जास्त असते.

दुसरा धोका मणक्याच्या पुढच्या बाजूला असतो. तो फार दुर्मिळ, पण जीवघेणा. शरीराची मुख्य धमनी कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभागते. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी पाठीकडून काढताना चिमटा गादीचं पुढचं आवरण भेदून गेला, तर या मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा होते. दहा हजारांत एक ते पाच, असं हे प्रमाण सांगितलं जातं. गादीच्या ऑपरेशनचा पाया मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये घातला. अकरा वर्षांत अशा इजेची नोंदही वैद्यकीय नियतकालिकात आली. इथे रक्त पोटामागच्या पोकळीत शिरतं, जखम कोरडीच राहू शकते. नाडी पळते, रक्तदाब घसरतो, पोट फुगतं. मग पाठ सोडून धावपळ पोटाकडे, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलावणं.

पुष्कळशी काळजी मात्र ऑपरेशनच्या आधीच घेता येते. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस क्लोपिडोग्रेलला 'हार्टची गोळी' म्हणतो, त्यामुळे "रक्त पातळ करणारं काही घेता का?" या प्रश्नाला निरागसपणे "नाही" म्हणून मोकळा होतो. ही गोळी साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, पण ती स्वतःच्या मनानं थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो. निर्णय हृदयतज्ज्ञानं आणि सर्जननं मिळून घ्यायचा. म्हणून नुसतं हो-नाही म्हणण्यापेक्षा औषधांची पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी, अगदी लसणाच्या कॅप्सूलसकट. ऑपरेशनमधला रक्तस्राव कमी करायला आज ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड सर्रास वापरतात. ते जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचं संशोधन, १९६२ मधलं.

दोन-चार दिवसांनी रुग्ण सोसायटीतल्या आपल्या फ्लॅटवर परततो. उशिरा होणारी गुठळी विरळाच, पण होते. द्वारकेत सेक्टर ९ मध्ये सरकारी इंदिरा गांधी रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयं आहेत. जवळच्या वसंत कुंजात मणक्यासाठीचं खास इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर आहे. १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर करून त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागल्यानं चाकाच्या खुर्चीला खिळलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी ते उभारलं. तरी डिस्चार्जचा कागद हातात घेताना एवढं विचारून घ्यावं: रात्री दोन वाजता पाय जड वाटला तर फोन कोणाला करायचा, आणि त्या वेळी एमआरआय कुठे चालू असतो?