डिंकाच्या छपाईतले तीन रंग

अरबी डिंकाच्या पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि जलरंग कालवायचा, कागदावर पातळ लावून वाळवायचा, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. ऊन लागते तिथला डिंक आळून रंग धरून ठेवतो; बाकीचा पाण्यात सुटतो. रंगीत छायाचित्रासाठी हेच तीनदा करायचे, तीन वेगळ्या निगेटिव्हांनी: पिवळा, किरमिजी, निळा. डायक्रोमेट विषारी असते, तेव्हा हातमोजे हवेतच.

आईचे छायाचित्र मी असे छापले तेव्हा किरमिजीसाठी ॲलिझरीन क्रिमझन घेतला. काय सुरेख रंग! पण उजेडात तो टिकत नाही. काही वर्षांत उडाला, आणि आईचा चेहरा हिरवट दिसू लागला. खाली पिवळा नि निळाच उरला ना!

म्हणून ट्यूबवरचे नाव सोडा. ते कारखान्यागणिक बदलते. बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. किरमिजीला पीव्ही १९, त्यातही गुलाबी छटेचा. निळ्याला पीबी १५:३. हा मात्र भारी जबर, अगदी थोडाच घ्या. पिवळ्यात कॅडमियम टिकाऊ खरा, पण अपारदर्शक. वापरायचाच तर सर्वांत आधी छापा, नाहीतर खालचे रंग झाकतो. पारदर्शकता पाहायची आहे? न पुसणाऱ्या काळ्या शाईची रेघ ओढा, वाळली की तिच्यावर रंग फिरवा. रेघ धुरकटली, तर ती ट्यूब वरच्या थरासाठी नको.