विमान कंपनीतली नोकरी गेली, तर पायलटने पुढे काय करायचं?

रत्नागिरी : पोरगा किंवा पोरगी पायलट झाली की वाडीत पेढे वाटले जातात. पण त्या पेढ्यांमागे बहुतेक घरांत मोठं कर्ज असतं. लायसन्ससाठी किमान २०० तास विमान उडवावं लागतं आणि या शिक्षणाचा खर्च ५० लाखांच्या पुढे जातो. अशात एक दिवस मुंबईहून फोन येतो, "बाबा, नोकरी गेली." घरच्यांना वाटतं, आता सगळं संपलं.

तसं नाही. नोकरी कंपनी देते, पण लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं विमान वाहतूक महासंचालनालय देतं. कंपनी नोकरी काढून घेईल, लायसन्स नाही. मात्र हे लायसन्स चालू ठेवावं लागतं. पुढची नोकरी मिळणार की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

नोकरी कशामुळे गेली?

कंपनीच बंद पडली असेल, तर पायलटवर कसलाही डाग लागत नाही. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटकडे बोइंग ७३७ विमानं होती. त्यातली काही स्पाइसजेटने घेतली आणि जेटच्या माणसांनाही घेतलं. गो फर्स्टचे पायलट एअरबस ए-३२० उडवायचे. त्याच जातीची विमानं इंडिगो आणि एअर इंडियाकडे आहेत, त्यामुळे त्यांना तिकडे वाट होती. म्हणजे तुमच्या हातात कोणत्या विमानाचं 'टाइप रेटिंग' आहे, हे महत्त्वाचं. ज्या कंपनीकडे तेच विमान आहे, तिथे आधी अर्ज करा.

शिस्तीच्या कारणावरून काढलं असेल, तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, ड्युटीआधीच्या श्वास तपासणीत दारू सापडली, तर डीजीसीए पहिल्या वेळी ३ महिने, दुसऱ्या वेळी ३ वर्षं लायसन्स निलंबित करतं. तिसऱ्या वेळी ते रद्दच होतं. असं काही घडलं असेल तर नव्या कंपनीपासून लपवू नका. नोंद डीजीसीएकडे असते, ती आज ना उद्या पुढे येतेच.

तिसरं कारण तब्येत. मेडिकलमध्ये 'तात्पुरता अनफिट' असा शेरा आला म्हणजे कायमचं घरी बसलं असं नाही. उपचार घेऊन पुन्हा तपासणी करता येते.

घाईने राजीनामा देऊ नका

कंपनी कधी कधी म्हणते, "काढलं असं नको, तुम्हीच राजीनामा द्या." लगेच सही करू नका. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार राजीनामा दिला तर कॅप्टनला १२ महिने आणि को-पायलटला ६ महिने नोटीस द्यावी लागते. कंपनीने ना-हरकत पत्र दिलं तरच त्याआधी दुसरीकडे जाता येतं. त्यामुळे जे ठरेल ते लेखी घ्या.

सोबत ही कागदपत्रंही मागून घ्या : कार्यमुक्तीचं पत्र, उड्डाणाच्या तासांचा दाखला, सिम्युलेटर आणि चाचण्यांच्या नोंदी, पगाराच्या स्लिपा. कंपनी बंद पडायला आली असेल तर वाट बघू नका. ऑफिसला कुलूप लागल्यावर सही कोण करणार?

लायसन्स चालू ठेवा

मेडिकलची मुदत संपू देऊ नका. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तारीखही बघा. मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन उडण्याआधी सराव पुन्हा करावा लागतो. खंड जितका मोठा, तितका सिम्युलेटरचा खर्च जास्त. हातात थोडे पैसे असतील तर आधी यासाठी बाजूला काढा.

काम कुठे शोधायचं?

मोठ्या कंपन्यांवरच अडून राहू नका. एटीआर ही छोटी विमानं चालवणारी अलायन्स एअर आहे. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली गोव्याची फ्लाय ९१ तर आपल्या शेजारचीच. भाड्याने विमान देणाऱ्या चार्टर कंपन्याही पायलट घेतात. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेतलं तर बारामती, गोंदिया, धुळे इथे उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत. तिथे उड्डाणाचे तासही वाढतात.

हेलिकॉप्टरचं लायसन्स मात्र वेगळं असतं, विमानाच्या लायसन्सवर ते चालत नाही. आखातात जायचं असेल तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे आपलं लायसन्स तिथे मान्य करून घ्यावं लागतं.

आणि एक सावधगिरी. "पाच लाख भरा, एअरलाइनमध्ये नोकरी पक्की" असा मेसेज आला तर पैसे पाठवू नका. भरतीची जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का, ते आधी बघा.

चुकीचं काढलं असेल तर?

एअर इंडियाच्या ४० हून अधिक पायलटांनी राजीनामे देऊन नंतर ते मागे घेतले होते. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना कामावरून कमी केलं. ते कोर्टात गेले. १ जून २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचा निर्णय रद्द करून त्यांना परत कामावर घ्यायला आणि मागचा पगार द्यायला सांगितलं. त्यामुळे अन्याय झालाय असं वाटत असेल, तर वकिलाला कागद दाखवा.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल, तर थकलेल्या पगाराचा दावा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दाखल करावा लागतो. हे पैसे मिळायला वर्षं लागतात. जेटचंच बघा, विमानं २०१९ ला थांबली आणि कंपनी मोडीत काढण्याचा सुप्रीम कोर्टाचा आदेश नोव्हेंबर २०२४ ला आला. त्या पैशांच्या भरवशावर घरखर्च धरू नका.

घरच्यांसाठी

हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन परिस्थिती सांगा. चुकल्यावर गेलात तर बँकेचं बोलणं बदलतं. बाग किंवा जमीन विकायची घाई नको. आणि पोराला रोज "झालं का काही?" असं विचारू नका. मेडिकलची तारीख कधी आहे, तेवढं मात्र आठवणीने विचारा.