मान काळी म्हणजे मळकी नव्हे

‘‘अगं, मान नीट घास जरा, केवढा मळ साचलाय!’’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि बहुधा वयात येणाऱ्या मुलीलाच ऐकवलं जातं. लग्नाला महिना उरला की ते नवरीच्या वाट्याला येतं. मग न्हाणीघरात नायलॉनची घासणी, टाचेची वजरी, साखर-लिंबू, मसुरीच्या डाळीचं पीठ अशी सगळी हत्यारं जमतात. हल्ली त्यांत ‘टॅन’ काढणाऱ्या स्क्रबची भर पडली आहे. समज मात्र जुनाच: काळपटपणा म्हणजे साचलेली मृत त्वचा, ती खरवडून काढली की खालून उजळ कातडी निघणार.

नाही निघत.

मृत पेशींचा जो थर स्क्रबने निघतो, तो अंगाच्या बहुतेक भागांवर जेमतेम 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाडीचा असतो. रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी बनवतात, त्या बाह्यत्वचेच्या पार तळाशी बसलेल्या असतात. तिथवर कोणतीही घासणी पोचत नाही, आणि पोचलीच तर रक्त येईल. शिवाय त्वचा आपला वरचा थर रोज स्वतःच टाकत असते. तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत जाऊन गळून पडायला साधारण महिना-दीड महिना लागतो. स्क्रब फक्त शेवटच्या टप्प्याची घाई करतो. त्याने त्वचा काही काळ गुळगुळीत लागते, प्रकाश जरा बरा परावर्तित होतो, आणि आरशासमोरचा माणूस म्हणतो, ‘‘बघा, उजळली!’’

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी हरकत नव्हती. पण जोरजोरात घासणं ही त्वचेच्या दृष्टीने इजाच, आणि गव्हाळ-सावळी त्वचा इजेला जास्तीचं मेलॅनिन बनवून उत्तर देते. म्हणजे काळपटपणा घालवायला घासायचं, घासल्यामुळे तो वाढायचा, वाढला म्हणून आणखी घासायचं! 1980च्या दशकात जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी याची व्यवस्थित नोंद केली आहे. अंघोळीला खरखरीत नायलॉनचा टॉवेल वापरणाऱ्यांच्या गळपट्टीच्या हाडावर, खांद्यांवर, पाठीच्या कण्यावर, म्हणजे कातडीखाली लगेच हाड लागतं अशा नेमक्या जागी तपकिरी-काळे पट्टे उमटत होते. पहिला उपचार एकच: टॉवेल बंद.

आता त्या मानेकडे येऊ. मानेच्या मागे आणि बाजूंना, काखेत, जांघेत त्वचा काळी पडून जाडसर, मखमलीसारखी लागत असेल आणि घड्या ठळक झाल्या असतील, तर तो अनेकदा ‘अकँथोसिस निग्रिकन्स’ असतो. रक्तात इन्सुलिन वाढलं की त्वचेच्या पेशी गरजेपेक्षा वेगाने वाढतात आणि थर जाड होतो. या खुणेचं इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराशी असलेलं नातं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 1976 सालीच छापून आलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही ती मधुमेहाची तपासणी करून घेण्याच्या कारणांत धरते. लठ्ठपणा आणि पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये ती वारंवार दिसते. तेव्हा या मानेला रक्ततपासणीची गरज आहे, आणि वजरी घेऊन मागे लागणं हा त्या मुलीवर निव्वळ अन्याय आहे. वजन आणि साखर आटोक्यात आली की मानही हळूहळू निवळते.

न्याय म्हणून एक अपवाद सांगायला हवा. मळासारखाच दिसणारा, साबणाने न जाणारा एक तपकिरी थर खरोखर असतो. त्याला ‘टेरा फर्मा-फॉर्म डर्मॅटोसिस’ म्हणतात. डॉक्टर अल्कोहोलचा बोळा त्यावरून फिरवतात आणि डाग बोळ्यावर उतरतो. निदान आणि उपचार एकाच मिनिटात! पण ही परीक्षा दवाखान्यातली. न्हाणीघरात तिच्यासाठी काथ्या लागत नाही.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. ब्लॅकहेड काळा दिसतो तो मळामुळे नाही, त्यातलं मेलॅनिन आणि तेल हवेशी संयोग पावल्यामुळे. रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती वाफेने उघडत नाहीत आणि गार पाण्याने मिटत नाहीत. ‘पीलिंग जेल’ चोळल्यावर दिसणाऱ्या गुठळ्या बहुतांशी जेलच्याच असतात. लिंबू ‘नैसर्गिक’ आहे खरं, पण त्याचा रस त्वचेच्या मानाने फारच आम्ल, आणि तो लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग पडू शकतात. दिवाळीच्या उटण्याला मात्र कुणी घाबरू नये: आधी अंगभर तेल, त्यावर नागरमोथा-आंबेहळदीची बारीक पूड, तीही वर्षातून मोजके दिवस.

मग मृत पेशी काढूच नयेत का? खुशाल काढाव्यात, खरवडू नयेत. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारखी आम्लं पेशींमधली पकड सैल करतात. व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकी संशोधकांनी 1974 मध्ये खवल्यांसारख्या त्वचेच्या रुग्णांवर त्यांचा उपयोग दाखवला. सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळतं, म्हणून मुरुमांच्या त्वचेला ते बरं. घरी वापरायच्या ग्लायकोलिक किंवा लॅक्टिकचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर आणि पीएच 3.5च्या खाली नसावा, अशी अमेरिकेतल्या प्रसाधन-तज्ज्ञांच्या समितीची शिफारस आहे. आठवड्यातून एक-दोनदा, रात्री लावलं तर बहुतेकांना पुरतं. चुरचुरलं म्हणजे ‘काम करतंय’ असं मुळीच नाही. सारखं चुरचुरत असेल तर बाटली बाजूला ठेवावी. या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून वापर थांबवल्यानंतरही आठवडाभर सनस्क्रीन लावावं, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं.